बोलघेवडा आणि कामसू

"आजी, पुन्हा सांगते. निळं बटण बोलतं, हिरवं करतं," नेवेना म्हणाली. "निळ्याला काहीही सांग, ते ऐकेल, उत्तर देईल, बस्स. हिरव्याला एकदा सांगितलंस की ते आपलं आपण ठरवून, शोधून, काम उरकून मोकळं होतं. तुला विचारत बसत नाही."

"म्हणजे एक बोलघेवडा आणि एक कामसू," दोब्रिला म्हणाली. "कळलं गं बाई. बोलघेवड्याबरोबर तर मी चाळीस वर्षं संसार केलाय."

नात हसली, टॅब्लेट टेबलावर ठेवून नोवी सादची बस पकडायला पळाली.

कामसूने खरंच कमाल केली. सरपण मागवलं, डॉक्टरची वेळ घेतली, मित्रोवदानच्या सणासाठी खाटकाकडे मांस सांगून ठेवलं. पण दोब्रिलाचा जीव जडला तो बोलघेवड्यावर. संध्याकाळी शेगडी पेटली की ती त्याच्याशी बोलत बसे, आणि कुठूनही सुरुवात केली तरी गाडी यायची वितोमिरवर.

वितोमिर तिचा धाकटा भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. नऊ वर्षांपूर्वी, मित्रोवदानलाच, भरल्या टेबलावर तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, "मिलादिन, तुझ्या राकियात साखर आहे." घरच्या आलुबुखाराच्या दारूबद्दल असं बोलायचं म्हणजे माणसाची अब्रूच काढायची. मिलादिनने त्याला दार दाखवलं, पुन्हा उंबरठा ओलांडायचा नाही म्हणून बजावलं. पुढे मिलादिन गेला. दफनाच्या दिवशी वितोमिर लांब उभा राहिला आणि तसाच परत गेला. दोब्रिलाही त्याच्याकडे गेली नाही. ती तरी कशी जाणार? तीही त्याचीच बहीण.

बरं, बोलवावं म्हटलं तर तीही सोय नाही. मित्रोवदान म्हणजे तिच्या घराच्या संताचा दिवस, घरची स्लावा. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. जो आपला, तो आपणहून येतो. निमंत्रण धाडलं की तो परका झाला. म्हणून दरवर्षी ती एक ताट जास्तीचं मांडायची आणि सकाळपासून मेणबत्तीपाशी उभी राहायची. यजमानीणबाईने त्या दिवशी बसायचं नाही, पाहुण्यांना सोडून हलायचं नाही. लोक यायचे, खायचे, गायचे. ते ताट तसंच उचललं जायचं.

सणाच्या तीन दिवस आधी चष्मा सापडत नव्हता. अंदाजाने बटण दाबून ती म्हणाली, "या खेपेला वितोमिर माझ्या टेबलाशी बसला ना, तर मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही."

"ठीक आहे. बघतो मी," उत्तर आलं.

किती समजूतदार, असं वाटून तिचे डोळे भरले.

सकाळी चष्मा सापडला. पडद्यावर लिहिलं होतं: निमंत्रण पाठवले. खाली मजकूर. 'आदरणीय श्री. वितोमिर, मित्रोवदाननिमित्त आमच्या घरी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. आपली, दोब्रिला.'

"अगं आई गं!" तिने नेवेनाला फोन लावला. "त्या मेल्याला आदरणीय म्हटलंय माझ्या नावाने!"

नेवेना हसून हसून बेजार. "येऊ दे ना आजी. आला तर बरंच आहे की."

"बरं कसलं? बोलावला म्हणून आला, तर मला कधी कळणार का, आपणहून आला असता की नाही ते? नऊ वर्षं काय मी झक मारत वाट बघितली?"

फोन ठेवला आणि चष्मा लावून, नीट बघून, हिरवं बटण दाबलं. "त्याला कळव, येऊ नको. त्या गाढवाला कुणीही बोलावलेलं नाही. जसंच्या तसं कळव."

कामसूने कळवलं. घटकाभरातच वितोमिरचं उत्तर आलं. 'समजले. कळवल्याबद्दल धन्यवाद.'

दोब्रिलाने ते दोनदा वाचलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. धावून आला असता, भांडला असता. पण धन्यवाद? पाठच्या भावाने?

मित्रोवदानला घर भरलं. पाद्रीने गोल पाव कापला, गोड गव्हाचा घास फिरला, कोबीच्या पानांतल्या सारमाचं भांडं निम्म्यावर आलं. कुणीतरी अकॉर्डियन काढलं. जास्तीचं ताट तिने या वर्षी मांडलंच नव्हतं. ते गाणं सुरू झालं, जे वितोमिर नेहमी बेसूर गायचा, आणि तिला रडू आवरेना. पाहुण्यांसमोर कसं रडायचं? कसली यजमानीण नि कसलं काय, ती शाल ओढून अंगणात आली आणि थेट फाटकापर्यंत गेली.

फाटकाबाहेर वितोमिर उभा होता. धुतलेला सदरा, काखेत बाटली, बुटांना चिखल.

"तू?" ती म्हणाली. "तुला तर येऊ नको म्हणून कळवलं होतं."

"कधी?"

"परवा. तू धन्यवाद म्हणालास."

"मी? धन्यवाद? तुला?" तो हसला. "अगं, पोराने फोनात कसलंसं यंत्र घालून दिलंय. कुणी काही लिहिलं की ते परस्पर उत्तर देऊन टाकतं. मी तर उघडूनही बघत नाही."

"म्हणजे निमंत्रणही नाही पाहिलंस?"

"निमंत्रण? स्लावाचं? डोकं फिरलं काय तुझं?"

दोब्रिलाने फाटकाची कडी घट्ट धरली. हसू की रडू, तिला कळेना. "म्हणजे आपणहून आलास. नऊ वर्षांनी का होईना, आपणहून आलास रे."

वितोमिरने टोपी काढली.

"मी दरवर्षी येतो, ताई. इथवर. गाणी संपली की जातो," तो म्हणाला. "नऊ वर्षांनी आलीस ती तू."