आपलीच माणसं

सांगून सांगून इंजिनीअरच्या तोंडाला फेस आला होता. शीतगृहाचे कंप्रेसर सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये एक फट होती. साध्या ऑपरेटरच्या पासवर्डने आत शिरलेला कोणीही जराशी खटपट करून त्या यंत्राचा मालक होऊन बसू शकत होता. मग काहीही बदला, अगदी हवेत गळलेला विषारी अमोनिया किती झाल्यावर भोंगा वाजायचा, तेसुद्धा. दुरुस्ती केव्हाच येऊन पडली होती. पण ती बसवायची तर कंप्रेसर काही तास बंद ठेवावे लागणार, आणि तिथेच मॅनेजरचं घोडं अडलं होतं.

"पण त्यासाठी माणूस आधी आत असायला हवा ना?" मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाले. "आत सगळी आपलीच माणसं आहेत, मॅडम."

ती उठलीच. दाखवतेच आता, म्हणून त्यांना कंप्रेसरच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत नेहमीचा उग्र वास होता. पाळीवर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्याच्याच पासवर्डने ती आत शिरली, फटीतून मालकाच्या जागी पोचली आणि थबकली. तिच्या आधीच कोणीतरी तिथे येऊन गेलं होतं. भोंग्याची मर्यादा पार वर नेऊन ठेवली होती.

तिने मागे वळून पाहिलं.

"भाऊजी?"

"अगं, सारखा बोंबलायचा तो," भाऊजी ओशाळून म्हणाले. सेन्सर बिघडलाय की काय ते बघा, असं त्यांनी कितीदा वर कळवलं होतं. कोणी फिरकलंच नाही. आणि ही युक्ती काही त्यांच्या एकट्याची नव्हती, सगळ्याच पाळ्यांना ठाऊक होती.

तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मॅनेजरचा चेहरा मात्र खुलला होता.

"म्हणजे बाहेरचं कोणी नाही," ते म्हणाले. "मी दुसरं काय सांगत होतो?"

तिने मर्यादा खाली आणून जागच्या जागी ठेवली.

त्याच क्षणी भोंगा किंचाळू लागला. भाऊजींनी वरच्या पाइपांकडे पाहिलं, त्यांचा रंग उतरला, आणि ते आतल्या माणसांना बाहेर काढायला धावले.

मॅनेजरनी नाकावर धरलेला रुमाल जरासा बाजूला केला.

"मॅडम, आधी तो आवाज बंद करा."