दुसरी खुर्ची

ऐक ना, मध्ये बोलू नकोस! दारू सोडवणाऱ्या ग्रुपची मीटिंग शोधत मी आणि बाबा शाळेमागच्या हॉलपाशी पोचलो. दारातूनच बाबा मागे फिरायला लागले, तर मी हात धरून आत नेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा मान खाली घालून म्हणाले, "मुलीला घेऊन आलोय. हिची सोडवायचीय."

अगं, मी थेंबही चाखलेला नाही! एक काकू मायेने म्हणाल्या, "बस बाळा. कधीपासून घेतेस?"

बाबांचा हात दाराच्या कडीवर. खरं सांगितलं असतं, तर ते पळालेच असते.

"रोजच घेते," मी म्हटलं. "बाबांचा छापखाना बंद पडला ना, तेव्हापासून."

काकूंनी एकदा बाबांकडे पाहिलं. गुपचूप दुसरी खुर्ची ओढली, आणि बाबा बसले.

तू काय केलं असतंस, सांग?