घरचं झाड

विकायच्या झाडांना औषध आणि घरच्या झाडाला माया, हा बागवाल्यांचा ठरलेला रिवाज. त्यामुळे माती आणि फळं तपासणाऱ्या बाई जेव्हा म्हणाल्या, "काका, कुंपणाजवळच्या पेरूत शिसं सगळ्यात जास्त निघालंय, शेजारच्या बॅटरी कारखान्याची धूळ बसते त्यावर," तेव्हा बागवाला हसलाच.

"काहीतरीच काय बाई! ते घरचं झाड. औषधाचा थेंब नाही लागलेला. धुवायचीसुद्धा कटकट नाही, तोडलं की तोंडात."

"कोणाच्या तोंडात, काका? शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं."

ओठांवरचं हसू आवरायचंही त्याला सुचलं नाही.

"लेकीच्या. तिला दिवस गेले तेव्हापासून याच पेरूंची पेटी जाते. नातू आता चार वर्षांचा झाला. बोलत नाही अजून. पण पेरू दिसला की हात पुढे करतो."