हात न पुरणारी जागा

"दगड कुठाय?" त्रिंबकनं न्हाणीतूनच विचारलं.

कमरेला पंचा, पुढ्यात बादली. बादलीत हात घातला तर पाणी कोमट. दगडही गेला आणि कढत पाणीही गेलं. हे सुनेचं काम, ते कुणाला विचारायची गरज नव्हती.

आडभिंतीपलीकडं चुलीपुढं करिष्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. केजच्या डॉक्टरानं सांगितलेलं तिनं भाकरीच्या तालावर पुन्हा ऐकवलं. म्हातारपणी कातडं पातळ होतं, कढत पाणी नको, कपड्याचा साबण नको, दगडानं घासणं तर अजिबात नको. अंग ओलं असतानाच खोबरेल चोळायचं.

"डॉक्टरचं काय जातंय? तुला सरपण वाचवायचं हाय."

"हाय की. आन् तुमच्या धोतरावरचे रक्ताचे डाग कोन धुतंय, मामा? काल राधाकिशन अण्णा देवळात तुमच्याजवळून उठून दुसरीकडं बसले. गावात खरूज म्हणायलेत."

त्रिंबकनं मांडी खाजवली. खपली नखात आली. खरूज नाही, मळ आहे, असं तो ओरडून म्हणाला. नांदायला आली तेव्हापासून त्याची बायको कौशल्या त्याला चुलवणावरचं कढत पाणी काढून द्यायची आणि त्याच दगडानं पाठ घासून द्यायची. ती गेली त्या उन्हाळ्यापासून पाठीच्या मधोमध त्याचा हात पुरत नव्हता. बाकीचं अंग तो दुप्पट घासत होता. पण तिथला मळ साचत चालला होता, आणि सगळी खाज तिथूनच उठते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोराला सांगावं तर तो हसायचा. सुनेला सांगायची सोय नव्हती.

"ती असती तर एका दिवसात गेलं असतं हे," तो म्हणाला. "तुमी मला जनावरासारखं ठिवलंय."

भागवत अंगणात मोटारसायकल पुसत होता. तो फडकं टाकून आत आला. बापाला काही विचारलं नाही. मागं जाऊन मोबाइलवर पाठीचा फोटो काढला आणि बापाच्या नाकापुढं धरला.

सगळी पाठ लालभडक, भेगाळलेली, जागोजाग खपल्या. मधोमध तळहाताएवढं कातडं मात्र नितळ.

"बघा. हितं दगड पोचला न्हाई, म्हणून तेवढंच शाबूत हाय. पटलं का आता?"

त्रिंबकनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

करिष्मानं तव्यावरची भाकरी उलथली. "आत्या गेल्या, मग ती जागा बरी झाली."

भागवतनं तिला गप बस म्हटलं. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

त्रिंबकनं मोबाइल परत दिला. खाली बसून कोमट पाण्याचे दोन तांबे अंगावर घेतले. म्हाताऱ्याला एकदाचं पटलं असं समजून भागवतनं खोबरेलाची बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि तो बाहेर गेला.

बाटलीला त्रिंबकनं हात लावला नाही. न्हाणीची मागची भिंत गिलावा न केलेली, काळ्या दगडाची होती. तो उठला, तिला पाठ टेकवली, पाय रोवले आणि बरोबर तीच जागा धरून घासायला लागला.