सहा तास पुढे

"चिमे, उशी जरा सरळ कर गं," आतल्या खोलीतून वडिलांनी हाक मारली.

"आलेच बाबा, एवढं झालं की!"

गिऱ्हाइकाच्या देशात घड्याळ सहा तास पुढे होतं, म्हणून तिने आपल्या सी भाषेतल्या प्रोग्रामात एक ओळ घालून टाइमझोन बदलला. असला बदल त्या प्रोग्रामपुरताच असतो. प्रोग्राम संपला की तोही संपतो, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. अशा ओळी ती डोळे झाकून लिहायची.

तिने प्रोग्राम चालवला. सहा तास पुढची वेळ पडद्यावर बरोबर उमटली आणि प्रोग्राम संपला.

तिने हात लांबवून कप उचलला. आत्ता ओतलेला चहा गारढोण झाला होता, वर साय धरली होती. खिडकीतलं ऊन गेलं होतं. भिंतीवरचं सेलचं घड्याळ सहा तास पुढे होतं.

"बाबा?"

ती आत धावली. वडील पलंगावरून अर्धे खाली लोंबत होते. एक हात दाराकडे ताणलेला, बोटं थंड.

तशीच ती मागे पळाली. तिने ती ओळ खोडली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. घड्याळ मागे आलं. ऊन आलं. चहातून वाफ निघू लागली.

"चिमे, उशी जरा सरळ कर गं."

तिच्या जिवात जीव आला. "आले, आले बाबा!" म्हणत ती दारापर्यंत पोचली आणि जागीच थिजली.

वडील तसेच लोंबत होते, हात दाराकडे.

हाक पुन्हा आली. या वेळी पाठीमागून, ती आत्ताच जिथून उठली होती त्या खुर्चीतून.