हातगुण

“वैद्याच्या हाताला गं, नाव ठेवू नये बाई
हात उणा झाल्यावर, पाला गुण देत न्हाई.”

आईचा आवाज. मेंढराच्या सुजल्या खुराला पाला चोळताना ती हे गुणगुणायची. ताराबाईंच्या कळपातलं आता एकही मेंढरू उरलं नाही, आईला जाऊन तर जमाना झाला. तरी दवाखान्यातल्या या खुर्चीत बसल्या की तो आवाज कानाशी येऊन बसतोच.

“मोठ्ठा आ करा मावशी.”

डॉक्टर यशोधरा बॅटरी घेऊन पुढं वाकली. वयानं ताराबाईंच्या धाकट्या लेकीएवढी. अजून शिकणारी. गालाच्या आतून पांढरी जाळी धरते, जाळीखाली कातडं सोलल्यासारखं लाल होतं आणि मग साधं वरणही निखाऱ्यासारखं लागतं, त्या आजाराचा ती अभ्यास करत होती. लायकेन प्लेनस. हे नाव ताराबाईंच्या जिभेला कधी वळलं नाही. हळदीपासून केलेल्या एका मलमानं ती आग थांबते का, ते यशोधराला बघायचं होतं. पहिल्याच भेटीत तिनं समजावलं होतं, “गुण येईल किंवा येणारही नाही. तुम्ही फक्त खरं सांगायचं.” ताराबाईंनी त्यातलं एवढंच मनात ठेवलं, की या पोरीची परीक्षा आपल्या तोंडात आहे.

हातमोज्याचं बोट गालाला आतून टेकलं. ताराबाईंच्या पायाची बोटं चपलेत आवळली. चेहरा त्यांनी हलू दिला नाही.

“जाळी दिसतेय अजून. आग किती होते?”

यशोधरानं पुठ्ठा समोर धरला. त्यावर एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका, मधे बाकीचे. ताराबाईंनी हसऱ्याच्या शेजारी बोट ठेवलं.

“एवढीच?”

“एवढीच की माय. तुझा हातगुण लई चांगला.”

यशोधरा लाजल्यासारखी हसली आणि लिहायला लागली. लिहिताना ओठ मुडपायची तिला सवय होती. ताराबाई ते बघत राहिल्या.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. छबुबाई. माजलगावला मिरची कांडायच्या गिरणीत कामाला. पदर झटकून आली असावी, तरी तिच्या भुवयांत लाल पूड होती. तिलाही हाच आजार. यशोधरानं तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

“कसं आहे तोंड?”

“हाय बरं. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडात आग पैल्यापसूनच हाय, डॉक्टरला आत्ता दिसली.”

तिघी हसल्या. ताराबाईंनी हसता हसता ओठ मिटून घेतले.

“ते जुनं मलम चालतंय हो,” छबुबाई म्हणाली, “पण जिभेवर बुरशी धरती त्यानं. मागं तुमी हळदीच्या मलमाचं म्हणला व्हता, ते घेऊ का?”

“अभ्यासात आलात तर मिळेल. पण आधी जुनं बंद करावं लागेल. आग वाढली तर सांगा, परत चालू करू. सक्ती नाही बरं का, घरी विचार करा.”

छबुबाई बोटांवर दिवस मोजायला लागली. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

“ऐन चैत हाय बाई. समद्या गावाची मिरची गिरणीत येऊन पडली. जुन्या मलमावरच तर मी मिरचीच्या त्या उडत्या खाटात उभी ऱ्हाते. नवं लागू पडलं न्हाई तर चार दिस घरी बसीन, आन् मालक पाचव्या दिशी दुसरी बाई आणील.” ती ताराबाईंकडं वळली. “अक्का, तुमी लावता ना हळदीचं? तुमची आग गेली म्हणं. खरंच गेली का? तुमी हो म्हणा, मी आजच जुनं सोडते.”

यशोधरानंही मान वर केली. तिच्या डोळ्यांत थोडा अभिमान होता, लपवता न आलेला.

ताराबाईंच्या ओठावर रोजचं वाक्य तयार होतं. त्यांनी छबुबाईच्या भुवयांकडं पाहिलं.

“जुनं सोडू नको, बाई.”

यशोधराचा पेन थांबला.

“मला गुण न्हाई,” ताराबाई म्हणाल्या. “आग पैल्या दिसापसून हाय तशीच हाय.”

छबुबाई दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागली. यशोधरा खुर्ची ओढून ताराबाईंच्या अगदी पुढ्यात बसली. तिची इतका वेळची शहरी बोली कुठल्या कुठं गेली.

“मावशी, मग मला कावून न्हाई सांगितलं?”

“तू एवढं हासून इचारायची.” ताराबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. “तोंडावर न्हाई कसं म्हणावं? आन् तुला बरं हाय म्हणलं, की घरीबी तेच म्हणावं लागायचं. भाकर दुधात कुस्करून, गार करून गिळायची. कुणी बघितलं तर म्हणायचं, दात दुखतो.”

“मावशी...”

“शिमग्याला मोहिनी आली व्हती, माझी लेक. तिला मीच फोनवर सांगितलं व्हतं, तोंड बरं झालं, ये. पोरीनं येसराची आमटी केली. माझ्यासाठी म्हणून झणझणीत केली. मी ताट तसंच सरकवलं. ती म्हणली, माय, माझ्यावर कशाचा राग हाय? मी म्हणलं, भूक न्हाई.”

ताराबाईंच्या मुठीतून पदराचं टोक सुटलं.

“दुसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं गेली. तवापसून फोन न्हाई तिचा.”