मागचं मडगार्ड

"मागचं मडगार्ड पायजे," आदर्श म्हणाला. इलेक्ट्रिक बाईक त्यानं गॅरेजच्या दारात स्टँडवर लावली.

केरबा मिस्त्रीनं वाकून चाक बघितलं. "कंपनीचं कुठाय? मोडलं व्हय?"

"न्हाय. काढलं."

"कशाला?"

आदर्श चाकाकडंच बघत राहिला. मागचं चाक उघडं असलं की गाडी रेसची दिसते, एवढंच कारण होतं.

त्याची आई, बाळाबाई, जरा लांब भिंतीला पाठ टेकून उभी होती. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काचेचं सन्मानचिन्ह. तालुक्यात डेअरीला सगळ्यात जास्त दूध घालणारी बाई म्हणून तासाभरापूर्वी कोल्हापुरातच तिचा सत्कार झाला होता. सकाळी मुरगूडहून ती आदर्शच्या मागं बसून आली. रात्री पाऊस पडून गेलेला, रस्ताभर डबकी. हॉलमध्ये शिरायला आणि नाव पुकारायला एकच गाठ पडली. ती स्टेजवर चढली, पाहुण्यांकडं वळली, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत उडालेला चिखल सगळ्या हॉलनं बघितला. पुढच्या रांगा हसल्या.

"घरचं कोण आलं असंल तर फोटोला या," माईकवरून दोनदा सांगितलं. शेवटच्या रांगेत आदर्शनं मान खाली घालून मोबाईल काढला. फोटो तिचा एकटीचा निघाला.

बाहेर आल्यावर ती गाडीवर बसली नाही. तो गाडी ढकलत पुढं आला, ती मागून कडेकडेनं चालत. केरबाला वाटलं, कोण बाई सावलीला थांबलीय.

त्यानं दोन मडगार्ड काढून दाखवली. एक आखूड, चकचकीत. दुसरं रुंद, काळं, पार खालपर्यंत येणारं. आदर्शचा हात आधी चकचकीतवरच गेला.

"त्यानं चिखल अडत न्हाय," केरबा म्हणाला. "निस्ती शोभा."

एवढ्यात बाळाबाई पाणी प्यायला माठाकडं वळली, आणि केरबाला तिची पाठ दिसली.

"आरं देवा! आक्का, कुणाच्या गाडीवर बसलतासा?"

ती झटकन पुन्हा भिंतीला टेकली. तिनं आदर्शकडं बघायचं टाळलं. "वाटंत एक पावणं भेटलं. त्यांनी सोडलं."

"असला कसला पावणा? नवी साडी नेसल्याली बाई मागं बसवतोय आन चाक उघडं? त्यालाच बसवाय पायजे एकदा मागं!" केरबा हसला, आणि यानंही हसावं म्हणून त्यानं आदर्शकडं बघितलं.

आदर्शला हसून मोकळं होता आलं असतं. आईनं वाट करून दिलीच होती.

"मीच त्यो," तो म्हणाला. "आई हाय माझी. मडगार्ड मीच काढलं. आन फोटोला बोलवत हुते तवा वर गेलो न्हाय."

केरबाचं हसू मावळलं. बाळाबाई हातातल्या नारळाची शेंडी नीट करत राहिली.

"ह्ये धर," केरबानं रुंद मडगार्ड त्याच्याकडं दिलं. "तूच बसव. मी सांगतो."

आदर्श गुडघ्यावर बसला. या गाडीची मोटर चाकातच. तिची वायर दाबली जाऊ नये म्हणून केरबानं मडगार्डची एक पट्टी बाहेरून घ्यायला लावली. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांची जागा ठेवली. नट आवळताना आदर्शचा हात दोनदा घसरला. केरबानं पाना मागितला नाही.

मग आदर्श उठला. "मिस्त्री, तुम्ही चालवा. मी मागं बसतो."

गॅरेजसमोर एक मोठं डबकं होतं. त्यातून केरबानं गाडी जोरात तीनदा काढली. आदर्शचा शर्ट पांढरा होता. उतरून तो आईसमोर पाठ करून उभा राहिला.

"बघ आई. कुठं डाग हाय का?"

"न्हाय रं," ती म्हणाली. "काय सुदिक न्हाय."

तरी तिनं हातातलं खाली ठेवलं, पदराचा कोरा कोपरा घेतला आणि त्याची पाठ पुसली, मानेपासून कमरेपर्यंत. आदर्शला मागं वळून बघता आलं नाही.